हरलेल्यांचे ग्लोव्ह

माझ्या दुकानात जिंकलेला माणूस सहसा येत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, धंद्याची रीतच तशी आहे. ज्याचा बूट उसवला, पट्टा तुटला, बॅगेची चेन बिघडली, तोच आमची पायरी चढतो. ज्याचं सगळं धड आहे तो समोरच्या ज्यूसवाल्याकडे जातो. पण बेसबॉलच्या बाबतीत हे इतकं तंतोतंत खरं ठरेल असं मला वाटलं नव्हतं. इथल्या बेसबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना कोण जिंकलं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. शनिवारी सकाळी मी शटर वर करतो आणि ज्या टीमचे लोक ग्लोव्हांची पिशवी घेऊन बाहेर उभे असतात, ती हरलेली टीम असते. जिंकलेले आपल्या ग्लोव्हला बोटसुद्धा लावू देत नाहीत.

दिवाळी अंकात बेसबॉल कशाला, असं कुणी विचारेल. टाळता आला असता तर मीही हा खेळ टाळलाच असता. मी कोल्हापूरकडचा. आमच्या घरात चपलांशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि खेळ म्हणाल तर कुस्ती, तीही बघण्यापुरती. बहारीनला आलो तो सोफ्यांच्या कारखान्यात चामडं शिवायला. तो कारखाना बंद पडला तेव्हा जिदहफ्सच्या बाजारात बूट-बॅगा दुरुस्तीच्या दुकानात बसलो, तो बसलोच. दुकान अरबाच्या नावावर आहे, आरी आणि रापी माझी. चामड्याला भोक पाडायची ती आरी, चामडं कापायची आणि तासायची ती रापी. या दोन हत्यारांवर मी या देशात म्हातारा झालो.

पहिला ग्लोव्ह घेऊन आला तो नेस्तोर. तुबलीच्या एका गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा हा फिलिपिनो गृहस्थ, आणि गॅरेजवाल्यांच्या बेसबॉल टीमचा कॅप्टन. त्यानं काउंटरवर जे ठेवलं ते बघून हे कुठल्या प्राण्याच्या पायात घालायचं, असा मला प्रश्न पडला. तो हातात घालायचा ग्लोव्ह होता. क्रिकेटमध्ये एकट्या विकेटकीपरला हातमोजे असतात, या खेळात मैदानातला प्रत्येक जण कीपर असतो, एवढं समजलं तरी वाचकांना पुरे. चेंडू दगडासारखा असतो, तो उघड्या हाताने कोण झेलणार? ग्लोव्हचं चामडं जाड आणि तुकड्यातुकड्यांचं असतं आणि ते सगळे तुकडे एका लांबलचक चामडी वादीने एकमेकांना बांधलेले असतात. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे त्याच वादीची जाळी विणतात. चेंडू येऊन अडकतो तो त्या जाळीत. आता गंमत अशी की ग्लोव्ह कधी फाटत नाही, वादीच जाते. घाम, मीठ आणि बहारीनची दमट हवा या तिघांनी मिळून कुठलीही वादी खाल्ली नाही असं झालेलं नाही.

मी नेस्तोरची वादी बदलली. काम झाल्यावर चामडं मला जरा कोरडं वाटलं. नवी कोल्हापुरी पायात घालण्याआधी आम्ही तिला तेल पाजतो. पोटभर पाजतो, ती पीत राहते आणि मऊ पडते. तोच न्याय मी ग्लोव्हला लावला आणि फुकटची सेवा म्हणून रात्रभर तेलात भिजत ठेवला. दुसऱ्या दिवशी नेस्तोरने तो हातात घातला तर हातच खाली गेला.

"मामा, इसको क्या खिलाया?" तो म्हणाला. "ये ग्लोव्ह है कि भिगा हुआ मुर्गा?"

बाजारातले सगळे हिंदुस्थानी मला मामा म्हणतात, म्हणून तोही म्हणायला लागला. त्या मुर्ग्याने तेल सोडावं म्हणून मी त्याला कितीतरी दिवस भुशात पुरून ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर पुन्हा फिरकला नसता, पण नेस्तोरने आपल्या अख्ख्या टीमला माझ्याकडे पाठवलं. ज्याने एकदा बिघडवलं तो पुन्हा जपून करेल, असा त्याचा हिशेब होता. तो खरा निघाला आणि हळूहळू लीगमधल्या सगळ्याच टीमचे ग्लोव्ह माझ्याकडे येऊ लागले.

त्यात एकेक नमुने. एक जपानी इंजिनिअर ग्लोव्ह धुतलेल्या पंच्यासारख्या कापडात गुंडाळून आणायचा आणि काम होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचा. दवाखान्यात नातेवाईक बसतात तसा. मी आरी खुपसली की तो डोळे मिटायचा. एक अमेरिकन होता, त्याने ग्लोव्हमध्ये चेंडू ठेवून तो गादीखाली घालून झोपायची सवय लावून घेतली होती. त्याने ग्लोव्हला आकार छान आला, पण बायको तक्रार घेऊन माझ्याकडे आली, जसा काही मीच तो सल्ला दिला होता. अशा लोकांमुळे धंद्यात राम असतो. नुसते टाचा झिजलेले बूट किती दिवस बघणार?

पण खरी मजा अंतिम मालिकेत. आमच्या कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. चितपट झालेला पैलवान 'परवा पुन्हा या' म्हणत नाही. बेसबॉलमध्ये मात्र शेवटच्या दोन टीम तीन शुक्रवार ओळीने भिडतात आणि ज्याचे दोन विजय आधी झाले तो चॅम्पियन. कुणी पहिले दोन्ही सामने जिंकलं तर तिसरा होतच नाही. त्यामुळे पहिल्या सामन्याला फार महत्त्व, असं सगळे म्हणतात. पहिला जिंकलेल्याला पुढच्या दोनांतला एकच हवा असतो, हरलेल्याला दोन्ही. एवढा हिशेब मलाही कळतो. त्यापलीकडे जे आहे ते मात्र माझ्या काउंटरवरून दिसतं. जिंकलेल्यांना वाटतं, जे आहे ते असंच राहावं. उसवलेलं उसवलेलं राहू दे, मळलेलं मळलेलं. हरलेल्यांना मात्र एकेक टाका तपासावासा वाटतो. शनिवारची पिशवी येते ती त्यातून.

गेल्या हंगामात अंतिम मालिकेत आमचे तुबलीचे गॅरेजवाले आणि समोर ऑफिसवाल्यांची टीम होती. 'आमचे' म्हणायला कारण इब्राहिम.

इब्राहिम दापोलीकडचा. नेस्तोरच्याच गॅरेजमध्ये गाड्यांच्या एसीचं काम करायचा. त्याची आणि बेसबॉलची गाठ पडली ती जेवणाच्या सुट्टीत. फिलिपिनो पोरं गॅरेजमागे चेंडू खेळत होती, एक चेंडू रस्त्यापलीकडे गेला, इब्राहिमने उचलून तिथूनच फेकला. तो नेस्तोरच्या हातात असा बसला की त्याचा पंजा सुजला. नेस्तोरने सुजलेल्या हातानेच त्याला टीममध्ये घेतलं. "आंबं पाडून पाडून हात बसलाय," इब्राहिम मला सांगायचा. "आंब्याला दगड मारलात तर आंबा फुटतो मामा. देठाला मारायचा." या खेळात फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. समोर बॅट घेतलेल्या माणसाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या हवेतल्या एका चौकटीत त्याला चेंडू टाकावा लागतो. ज्याला देठ दिसतं त्याला चौकट दिसायला काय अडचण?

मालिका सुरू व्हायच्या आधी तो ग्लोव्ह न्यायला आला तेव्हा फार खुशीत होता. त्याची बायको रेहाना आणि पोरगी सना पहिल्यांदाच बहारीनला यायच्या होत्या, व्हिजिट व्हिसावर. सनाची परीक्षा संपल्यावरचं तिकीट निघालं होतं, तेही न बदलता येणारं. त्या उतरणार होत्या दुसऱ्या सामन्यानंतरच्या बुधवारी.

"तिला सांगितलंय, तुजा अब्बा मोठ्या मैदानात खेळतो," तो म्हणाला. "मामा, ती जन्मली तवा मी हितं. रजेवर जातो, तिला जरा सवय होते न होते तो मी परत. फोनवर तिला माज्याशी बोलायला काय सुचत नाय. मी विचारतो, ती हो-नाय करते. एकदा तिनं मना खेळताना बघावं. माणूस काय करतो ते बघितलं की माणूस कळतो."

"आणि दोन्ही पहिलं सामनं जिंकलासा तर?" मी विचारलं.

तो हसायला लागला. "तर खलास. ती येईपर्यंत लीगच संपली. पुढच्या हंगामापर्यंत व्हिसा कुठला टिकतोय."

"आरं, मग एक हर की."

"हरायचं ठरवून हरता येत नाय मामा," तो म्हणाला आणि ग्लोव्ह काखेत मारून गेला. दुकानात तेव्हा गॅरेजमधलेच, अर्धंमुर्धं मराठी समजणारे आणखी दोघे बसले होते. आम्ही सगळेच हसलो होतो.

पहिल्या शुक्रवारी गॅरेजवाले हरले. इब्राहिमचा हात सुरुवातीलाच बिचकला. चौकटीबाहेर चार चेंडू टाकले की समोरच्याला फुकटात एक टप्पा पुढे जाता येतं, त्याने एकामागून एक असे टप्पे वाटले आणि मैदान समोरच्यांच्या माणसांनी भरल्यावर कुणीतरी जोरात हाणला. तिथून सामना सावरलाच नाही.

शनिवारी शटर वर केलं तर नेस्तोर पिशवी घेऊन उभा, मागे इब्राहिम. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नेस्तोरने पिशवी काउंटरवर उलटी केली.

"मामा, फर्स्ट गेम गया तो सीरीज गया. सब ऐसाइच बोलता," तो म्हणाला.

"शितावरून भाताची परीक्षा भातातच करायची," मी म्हणालो आणि त्याला हिंदीत समजावायला गेलो, पण त्याचं लक्ष नव्हतं.

मग त्याने मनातलं बाहेर काढलं. टीममधली पोरं बोलत होती की इब्राहिम मुद्दाम हरला. पोरगी येतेय, तिसरा सामना व्हायला हवा, म्हणून त्याने सैल चेंडू टाकले. दुकानातल्या हसण्याची अशी कथा होऊन ती अख्ख्या गॅरेजभर फिरली होती. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या कुणाला पिचर करा, असं पोरांचं म्हणणं होतं.

इब्राहिमचा चेहरा पडला. मला माझ्याच जिभेचा राग आला, कारण 'एक हर की' हे शब्द माझे होते.

"नेस्तोर," मी म्हणालो, "वो मैं बोला था. इसने बोला, जानबूझ के हार नहीं सकता. तेरे लडके वो सुनना भूल गया."

"मना तिसरा सामना पायजे," इब्राहिम मराठीतच म्हणाला, नेस्तोरला कळो न कळो. "पण हरून कशाला पायजे? हरलो तर दुसऱ्यालाच खलास होईल सगळं. पहिला जिंकून दुसरा हरता आला असता ना मना, तसं करायचं असतं तर? आता तर दुसरा जिंकलाच पायजे. नायतर ती येऊन बघणार काय, माजं गॅरेज?"

नेस्तोरने माझ्याकडे बघितलं. मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याने काउंटरवरच्या ढिगात हात घालून इब्राहिमचा ग्लोव्ह शोधला आणि सगळ्यांच्या वर ठेवला.

"इसका पहले करो," तो म्हणाला. तेवढ्यावर पिचरचा प्रश्न मिटला.

मी तो आठवडा दुसरं मोठं काम घेतलं नाही. एकेका ग्लोव्हची वादी ओढून बघितली, जी चरचरली ती बदलली. तेल दिलं, पण बोटाच्या टोकाने. चुकूनही पोटभर नाही.

त्याच आठवड्यात खलील आला. हा ऑफिसवाल्यांच्या टीमचा बहारीनी खेळाडू. अमेरिकेत शिकताना हा खेळ शिकून आलेला, गोड बोलणारा आणि हिंदी आमच्यापेक्षा बरी बोलणारा माणूस. आला होता बुटांच्या टाचांसाठी, पण ग्लोव्ह बगलेत होता. तो पहिल्या बेसवर खेळतो. बॅटवाला धावत पहिल्या टप्प्याला पोहोचायच्या आत तिथं चेंडू फेकतात आणि तो ज्याच्या हातात बसतो तो हा. म्हणजे सगळ्यात जास्त चेंडू खाणारा ग्लोव्ह त्याचा. मी सवयीने बघितलं. जाळीची वादी एका जागी झिजून दोऱ्याएवढी उरली होती. लपलेलं काही नव्हतं, त्यालाही ते दिसत होतंच.

"दे इकडे. चहा पिऊन होईपर्यंत नवी घालतो," मी म्हणालो.

त्याने नाही म्हणत ग्लोव्ह पाठीमागे नेला. "मफी मामा, मफी. इसी से जीता है. फ्रायडे के बाद सब तुम्हारा."

"शुक्रवारपर्यंत टिकेल याची खात्री नाही."

"इंशाल्ला," तो म्हणाला आणि टाचांकडे बोट दाखवलं. मी आणखी एकदा सांगून बघितलं. त्याने हसून मान हलवली. गिऱ्हाइकाचं नशीब गिऱ्हाइकाच्या मालकीचं असतं, त्याला आरी लावता येत नाही. मी टाचा बसवून दिल्या. ही गोष्ट मी नेस्तोरला सांगितली नाही आणि इब्राहिमलाही नाही. एकाच्या फाटक्याची बातमी दुसऱ्याला द्यायची नाही, नाहीतर दुकान चालत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः सामना बघायला गेलो. इतकी वर्षं ग्लोव्ह शिवले, पण मैदानावर कधी गेलो नव्हतो. शुक्रवार म्हणजे कपडे धुणं, घरी फोन आणि झोप. अरादकडच्या त्या मैदानावर वारा असा सुटला होता की तोंडात वाळू येत होती. इब्राहिम मधल्या उंचवट्यावर उभा राहिला आणि पहिला चेंडू टाकला तो बॅटवाल्याच्या मागे बसलेल्या नेस्तोरच्या ग्लोव्हमध्ये असा फाडकन बसला की माझ्या शेजारचा माणूस दचकला. देठ सापडलं होतं. त्या दिवशी त्याने फुकटचं काही वाटलं नाही. समोरचेही कमी नव्हते, सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला.

शेवटच्या पाळीत गॅरेजवाल्यांचा एक पोरगा तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचला होता. तो घरी, म्हणजे बॅटवाला उभा असतो तिथं परत आला की एक धाव आणि सामना जिंकला. बॅट नेस्तोरच्या हातात होती. त्याने मारला तो जमिनीवरून सरपटत गेला, समोरच्याने उचलून पहिल्या बेसकडे फेकला. फेक सरळ होती, ती हातात बसली की धाव न मिळता पाळी संपणार होती आणि नेस्तोर अजून दूर होता, पत्रे ठोकणाऱ्या माणसाने किती धावावं? खलीलने हात पुढे केला, चेंडू नेमका जाळीत आला आणि जाळीतून आरपार निघून मागे कुंपणाला जाऊन लागला. पोरगा घरी आला. गॅरेजवाले एकमेकांच्या अंगावर पडले.

खलील तिथंच उभा होता. त्याने जाळीच्या भोकातून बोट घालून बघितलं, मग लोकांत मला शोधलं आणि ग्लोव्ह उंच करून दाखवला. तो रागावला नव्हता. 'तू सांगितलं होतंस' एवढंच त्याच्या हसण्यात होतं. मला मात्र आनंद आणि वाईट दोन्ही एकदम वाटलं. इब्राहिमचा तिसरा सामना ठरला याचा आनंद, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक चांगला ग्लोव्ह उघडा पडला याचं वाईट. कारागिराचा हा रोगच आहे.

शनिवारी शटर वर केलं तर खलील उभा. तो ग्लोव्ह ठेवून गेल्यावर थोड्या वेळाने नेस्तोर आणि इब्राहिम आले, रिकाम्या हातांनी, नुसते चहाला. खलीलचा ग्लोव्ह माझ्या मांडीवर होता.

"मामा," नेस्तोर हळूच म्हणाला, "वादी खतम हो गया बोलो. नया माल नेक्स्ट वीक."

"वादी भरपूर है."

"मालूम है. फिर भी बोलो."

तो अर्धा थट्टेत बोलत होता आणि अर्धा नव्हता. मी आरी चालवत राहिलो. इब्राहिम स्टुलावर बसून चहा पीत माझ्या हातांकडे बघत होता. मी जाळी विणत आणली तेव्हा त्याने वाकून एका गाठीला बोट लावलं.

"ही जरा घट्ट वाटतेय मामा," तो म्हणाला.

"सैल सोडू?"

त्याने चहाचा घोट घेतला. "नको. असू दे," तो म्हणाला. "सोडली तर तुमाला झोप नाय लागणार, आणि तुमाला झोप नाय लागली की आमचं ग्लोव्ह बिघडवाल." नेस्तोरने कपाळावर हात मारला. मी ती गाठ आणखी आवळली.

बुधवारी रेहाना आणि सना आल्या. गुरुवारी संध्याकाळी इब्राहिम त्यांना बाजार दाखवायला घेऊन आला आणि माझ्या दुकानात आणलं. रेहाना बोलकी होती, तिने माझ्यासाठी घरचं आंब्याचं लोणचं आणलं होतं. सना आईच्या ओढणीमागे उभी. आठेक वर्षांची असेल. इब्राहिम तिला काय काय दाखवत होता, ही आरी, हा माझा ग्लोव्ह, हात घालून बघ. ती हात घालत नव्हती.

मग ती आईला म्हणाली, "अम्मी, त्यांना सांग मना तहान लागलीय."

'ते' तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. इब्राहिम ज्यूस आणायला गेला. जरुरीपेक्षा जास्त घाईने गेला.

"कालपासून असंच हाय," रेहाना मला म्हणाली. "त्यांच्याकडे बघते, पण बोलायचं ते माज्यामार्फत. उद्या मॅच बघितली तर बघू." तिलाही त्या शुक्रवारची आशा होती. मी त्यांना सांगितलं, तुमचा माणूस या बेटावरचा सगळ्यात चांगला फेकणारा आहे. थोडं वाढवून सांगितलं, पण पोरगी ऐकत होती.

तिसरा सामना. मी रेहाना आणि सनाच्या शेजारी बसलो आणि कोण कुठं धावतंय ते सांगत राहिलो, जमेल तसं. इब्राहिम चांगला खेळला, पण ऑफिसवाले त्या दिवशी एका धावेने पुढेच राहिले. त्यांच्याकडे आता जपण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तेही जीव तोडून खेळत होते. खरं सांगायचं तर पहिला सामना ज्यांनी जिंकला होता त्यांच्यापेक्षा ही टीम मला जास्त चांगली वाटली. शेवटच्या पाळीची शेवटची संधी, एक पोरगा मधल्या टप्प्यावर आणि बॅट इब्राहिमच्या हातात. चेंडू लांब गेला की दोघेही घरी येणार आणि कप तुबलीला जाणार. रेहानाने माझ्या बाहीला धरलं.

इब्राहिमने मारला. बंदुकीतून सुटल्यासारखा तो पहिल्या बेसच्या डोक्यावरून निघाला, आणि मी उठून उभा राहिलो, कारण तिथून तो गेला असता तर कुंपणापर्यंत त्याला अडवायला कुणी नव्हतं. खलीलने उडी मारली. चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या अगदी टोकाला, जाळीत, माझ्या वादीत बसला आणि बसूनच राहिला. खलील पाठीवर पडला तरी सुटला नाही.

इब्राहिम धावता धावता थांबला. नेस्तोरने टोपी काढून जमिनीवर टाकली आणि लांबूनच माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मी इथं लिहीत नाही. माझी छाती फुलली होती आणि आमच्या पोरांचा कप माझ्याच वादीने घालवला होता, हे दोन्ही खरं आहे.

आणि सना टाळ्या वाजवत होती. एकटीच, आमच्या बाजूला. तिला जिंकलं कोण हरलं कोण याचा पत्ता नव्हता. कुणीतरी फार जोरात मारलं आणि कुणीतरी उडी मारून धरलं, एवढं तिने बघितलं होतं. ती उठली आणि थेट मैदानात गेली. रेहाना "सना, सना" करत राहिली. ती खलीलपाशी जाऊन उभी राहिली आणि त्याच्या हाताकडे बघायला लागली. खलीलने तिला ओळखलं नसावं, पण त्याने ग्लोव्ह काढून तिच्या हातात घातला. तो तिच्या कोपरापर्यंत आला.

तेवढ्यात इब्राहिम तिथं पोहोचला होता, हरलेल्या चेहऱ्यानेच. खलीलने त्याच्या हातात चेंडू दिला. इब्राहिम पाच-सहा पावलं मागे सरला आणि खालून, अगदी अलगद टाकला. ग्लोव्ह उघडायच्या आत तो तिच्या पायाशी पडला. त्याने पुन्हा टाकला, त्याहून हळू. तोही पडला. कप घ्यायला बोलावलेली ऑफिसवाल्यांची टीम तिथंच थांबली. नेस्तोर सामान भरत होता, त्याने हात आवरला आणि आपल्या पोरांना "यल्ला, रुको जरा" म्हणून बाजूला केलं.

आणखी दोन-तीन पडले. मग सनाने चेंडू उचलला, चालत बापापाशी गेली, त्याच्या हातात ठेवला आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन ग्लोव्ह दोन्ही हातांनी उघडून धरला.

"हळू टाकू नका," ती म्हणाली. "मघाशी टाकत होतात तसा टाका."

इब्राहिम तसाच उभा. चेंडू हातात, आणि नजर रेहानाकडे, ती काहीतरी सांगेल म्हणून.

"अवो, माज्याकडे काय बघता?" रेहाना इकडून ओरडली. "तुमालाच सांगतेय ती."